परतूर ग्रामीण की शहरी? सर्वेक्षणाला निघण्यापूर्वी

जालना जिल्ह्यातल्या परतूरला नगरपरिषद आहे, म्हणून जनगणनेच्या हिशेबी ते शहर. तिथल्या सरकारी दवाखान्याचं नाव मात्र ग्रामीण रुग्णालय. तिथली बँकेची शाखा रिझर्व्ह बँकेच्या वर्गवारीत निमशहरी. आणि पीएच.डी.चं काम घेऊन आलेला विद्यार्थी प्रबंधाच्या मुखपृष्ठावर 'मराठवाड्यातील ग्रामीण भाग' असं छापून मोकळा होतो. या चौघांपैकी पहिल्या तिघांकडे निदान काहीतरी नियम आहे.

विद्यार्थी, संस्थांचे कार्यकर्ते आणि आरोग्याच्या पाहण्या करणारे यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. मंठा गावात धरायचा की शहरात? आष्टीला एवढी बाजारपेठ, मग ती ग्रामीण कशी? परतूरच्या हद्दीत शेतातल्या आखाड्यावर राहणारं कुटुंब शहरी कसं काय? हा लेख अशांसाठी आहे. नागरीकरणाचे सिद्धांत इथे सापडणार नाहीत; नमुना काढण्याआधी काय ठरवायचं आणि ते कागदावर कसं मांडायचं, एवढंच आहे.

आधी नियम, मग गाव

भारताची जनगणना एखाद्या वस्तीला दोन वाटांनी शहर ठरवते.

- वैधानिक शहर: महानगरपालिका, नगरपरिषद, नगरपंचायत किंवा कटक मंडळ असलं की झालं. लोकसंख्या किती, शेती करणारे किती, हे विचारलंच जात नाही. परतूर या वाटेने शहर ठरतं.
- जनगणना शहर: कारभार ग्रामपंचायतीचाच, पण तीन अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. किमान ५,००० लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात.

शहराला लागून वाढलेल्या काही वसाहती वाढीव वस्ती म्हणून शहरातच मोजल्या जातात. यांपैकी कशातच न बसणारं सगळं ग्रामीण. म्हणजे 'ग्रामीण' ही स्वतंत्र व्याख्या नाही, शहर वजा जाता उरलेला भाग आहे. 'गावपण' शोधत हिंडू नका, यादी पाहा.

तीन अटींपैकी मराठवाड्यात गाव सर्वांत जास्त अडतं ते घनतेवर आणि पुरुषांच्या कामावर. घनता गावठाणाची मोजत नाहीत, अख्ख्या महसुली गावाची मोजतात. त्यात शिवारही येतं. गावठाणात घराला घर चिकटलेलं असलं तरी भोवतीचं कपाशी-सोयाबीनचं रान भागाकारात खाली बसतं. समजा, एखाद्या गावाची लोकसंख्या ७,२०० आणि क्षेत्र २४ चौरस किलोमीटर आहे. घनता झाली ३००. बाजार कितीही गजबजलेला असो, गाव तिथेच अडलं. त्याच गावात मुख्य काम करणारे पुरुष १,९०० आणि त्यांतले शेतकरी-शेतमजूर मिळून १,१०० असतील, तर शेतीबाहेरचे उरले ८००, म्हणजे ४२ टक्के. ७५ टक्के अजून लांबच.

बायकांचं काम या अटीत धरलेलंच नाही, हेही ध्यानात ठेवा. तुमचा विषय महिलांचा रोजगार असेल, तर ज्या व्याख्येत त्यांचा हिशेबच नाही तिच्या आधारे तुम्ही त्यांची विभागणी करताय. व्याख्या वापरू नका असं नाही. ही मर्यादा प्रबंधात लिहा.

राज्याचा नियम आणखी वेगळा. महाराष्ट्राच्या १९६५ च्या नगरपरिषद कायद्यात लहान नागरी क्षेत्रासाठी २५,००० लोकसंख्या आणि ३५ टक्के बिगरशेती रोजगार पुरतो. एकीकडे ७५, दुसरीकडे ३५. त्यामुळे नगरपरिषदेच्या हद्दीत शेतीवर पोट असलेली कुटुंबं भेटणं ही तुमच्या यादीची चूक नाही. परतूरमध्ये ती भेटणारच. प्रगणकाने बैलजोडी पाहून 'शहरी' खोडून 'ग्रामीण' लिहिलं, तर चूक तिथे झाली.

जालना जिल्ह्याचं चित्र

१ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला तेव्हा परतूर तालुका परभणीतून इकडे आला. जुनी आकडेवारी जोडून पाहणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, नाहीतर १९७१ चं परतूर जालन्याच्या यादीत शोधत बसाल.

२०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १९,५९,०४६ होती आणि त्यांतले १९.२७ टक्के लोक शहरी होते. नगरपरिषदा चार: जालना, अंबड, परतूर, भोकरदन. पुढे राज्याने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायतीचा दर्जा दिला आणि मंठा, बदनापूर, घनसावंगी, जाफराबाद ही ठिकाणं कायद्याने नागरी झाली. त्यानंतर तीर्थपुरीचीही नगरपंचायत झाली. २०२३ मध्ये जालन्याची महानगरपालिका झाली.

अडचण इथे सुरू होते. बहुतेक सर्वेक्षणांची नमुना चौकट अजून २०११ ची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीने २०१९-२१ मध्ये तीच चौकट वापरली. 'असर'ची शिक्षण-पाहणी ग्रामीण भागापुरती असते. प्रत्येक जिल्ह्यातून ३० गावं आणि गावातून २० घरं, तीही जनगणनेच्या गावयादीतूनच. म्हणून मंठ्यात नगरपंचायतीची निवडणूक झालेली असली, तरी मोठ्या सर्वेक्षणाच्या फाइलमध्ये मंठा ग्रामीण दिसू शकतो. तुम्ही आजच्या दर्जाने मंठा शहरी धरला आणि तुलना त्या सर्वेक्षणाशी केली, तर दोन्ही तक्त्यांत मथळा एकच आणि आतली माणसं वेगळी.

आष्टीची गोष्ट याच्या उलट. परतूर तालुक्यातलं हे मोठं गाव. पोलीस ठाणं आहे, आजूबाजूच्या खेड्यांचा बाजार इथे भरतो. २०१६ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या रुर्बन अभियानात आष्टी परिसराची निवड झाली. गावात शहरासारख्या सोयी आणायच्या, हा त्या अभियानाचा हेतू. सोयी आल्या म्हणून वर्ग बदलत नाही. कारभार ग्रामपंचायतीचा आणि जनगणनेच्या तिन्ही अटी पूर्ण नाहीत, तोवर आष्टी तुमच्या तक्त्यात ग्रामीणच. हे खटकत असेल, तर पुढच्या पर्यायांतला चौथा वापरा. पण आष्टीपुरता अपवाद करू नका.

तुमच्यापुढचे पर्याय

१. २०११ चा दर्जा जसाच्या तसा. सरकारी आकड्यांशी तुलना करायची असेल तर दुसरा मार्ग नाही. जुना आहे, पण सगळ्यांचा जुनेपणा सारखा आहे.

२. आजची स्थानिक संस्था. नळपाणी, घरपट्टी, कचरा, घरकुल, रोजगार हमी असा विषय असेल तर हाच धरा. घरकुलाची ग्रामीण योजना वेगळी, शहरी वेगळी. ग्रामपंचायत गेली की रोजगार हमीचं कामही हातचं जातं. इथे २०११ ची यादी कामाची नाही, कारण कुटुंबाला लागू होतो तो आजचा कायदा.

३. तीन गट. जालना जिल्ह्यासाठी हा पर्याय सर्वांत प्रामाणिक वाटतो: जालना शहर, तालुक्याची शहरं, आणि गावं. कारण आकड्यांतच आहे. २०११ मध्ये जालना शहराची लोकसंख्या २,८५,५७७ होती, म्हणजे जिल्ह्यातल्या शहरी लोकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश एकट्या जालन्यात. जिल्ह्यातून लोकसंख्येच्या प्रमाणात ४०० कुटुंबं निवडली, तर शहरी येतील ७७ च्या आसपास. त्यांतली ५८ जालन्याची. उरलेली १९ अंबड, परतूर, भोकरदन यांची, म्हणजे शहरामागे सरासरी सहा. सहा घरांवरून परतूरबद्दल काय बोलणार? 'जिल्ह्याच्या शहरी भागात असं आढळलं' हे वाक्य खरं तर 'जालना शहरात असं आढळलं' एवढंच सांगत असतं.

परतूरबद्दल बोलायचं असेल तर तिथली घरं मुद्दाम जास्त घ्या. सहाऐवजी ६० घेतलीत, तर जिल्ह्याचा आकडा काढताना परतूरच्या प्रत्येक घराचं वजन एक दशांश करा. हे वजन विसरल्यामुळे बिघडलेले तक्ते प्रबंधांत काही कमी नाहीत.

४. जागेवरची दाटी. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने मार्च २०२० मध्ये मान्य केलेली पद्धत हद्दी पाहतच नाही. जमिनीचे एक चौरस किलोमीटरचे चौकोन पाडतात. १,५०० किंवा जास्त दाटीचे लागून असलेले चौकोन मिळून ५०,००० लोक झाले तर ते मोठं शहर, ३०० च्या वर दाटी आणि मिळून ५,००० लोक असतील तर लहान शहर किंवा मध्यम दाटीचा भाग, बाकी ग्रामीण. युरोपीय आयोगाच्या संयुक्त संशोधन केंद्राचे असे नकाशे फुकट मिळतात. देशोदेशींची तुलना करणाऱ्यांसाठी हे उत्तम आहे. एका तालुक्याच्या एम.ए.च्या प्रबंधासाठी एवढा खटाटोप नको.

रिझर्व्ह बँकेची चौपदरी वर्गवारी ही वेगळी सोय. १० हजारांच्या खाली ग्रामीण, तिथून १ लाखाच्या आत निमशहरी, १० लाखांच्या आत शहरी, त्यावर महानगरी. कर्ज, बचत खाती, बचत गटांची बँक-जोडणी असा विषय असेल तरच ती घ्या.

लोकांनाही विचारा: 'तुम्ही राहता ते गाव की शहर?' उत्तरं मोलाची असतात. परतूरमध्ये घर, शेत वरफळच्या शिवारात, मुलं शाळेसाठी इथे आणि म्हातारे आईवडील गावी, अशा कुटुंबाचं उत्तर कुठल्याच यादीत मिळणार नाही. पण ते वेगळ्या रकान्यात ठेवा. नमुना त्यावर आखू नका.

काम कसं करायचं

१. प्रश्न लिहिण्याआधी वर्गवारीचा नियम एका वाक्यात लिहा आणि मार्गदर्शकांची सही घ्या. आकडे हाती आल्यावर नियम बदलायचा मोह होतो, तेव्हा हा कागद कामी येतो.

२. जालना जिल्ह्याची जनगणना पुस्तिका उतरवून घ्या. गावांची यादी, शहरांची यादी आणि प्राथमिक गोषवारा तिच्यात आहे. गोषवाऱ्यात मुख्य काम करणारे पुरुष, शेतकरी, शेतमजूर हे रकाने स्वतंत्र मिळतात. वरचा ४२ टक्क्यांसारखा हिशेब तुम्हालाही दहा मिनिटांत करता येईल.

३. प्रत्येक वस्तीसमोर जनगणनेचा कोड लिहा. राज्य २७, जिल्हा ५१४, मग तालुका आणि गाव. नुसत्या नावावर भिस्त नको. आष्टी परतूर तालुक्यात आहे, बीड जिल्ह्यात आष्टी नावाचा तालुकाच आहे, वर्धा जिल्ह्यातही आहे.

४. दोन रकाने करा: '२०११ चा दर्जा' आणि 'सर्वेक्षणाच्या दिवशीचा दर्जा'. मंठ्यापुढे दोन्हींत वेगळं उत्तर येईल. येऊ द्या. दोघांना एकाच रकान्यात कोंबण्याची गरज नाही.

५. वर्ग कार्यालयातच भरून प्रश्नावली छापा. प्रगणकाला तो रकाना रिकामा देऊ नका. डांबरी रस्ता आणि दोनमजली घर दिसलं की हात आपोआप 'शहरी'कडे जातो.

६. परतूर शहरात घरं निवडताना प्रभागनिहाय नकाशा घ्या आणि हद्दीच्या कडेची वस्ती व शेतातले आखाडे वगळू नका. स्टेशन आणि बाजारपेठेच्या आसपासची घरं घेऊन नमुना पुरा केला, तर तुम्ही दुकानदारांचं सर्वेक्षण केलंत.

७. अहवालात लिहायचं वाक्य असं असू शकतं: 'या अभ्यासात ग्रामीण-शहरी वर्गवारी २०११ च्या जनगणनेप्रमाणे केली आहे. त्यानंतर नगरपंचायत झालेल्या वस्त्या मुख्य तक्त्यात ग्रामीण धरल्या असून त्या शहरी धरल्यास येणारे निष्कर्ष परिशिष्टात दिले आहेत.' परिशिष्टातल्या तक्त्याने निष्कर्ष उलटला, तर ती मोठी बातमी आहे. लपवू नका.

घोळ होतो तो इथे

*ग्रामपंचायत म्हणजे गाव नव्हे.* जनगणनेचं एकक महसुली गाव. गट ग्रामपंचायतीत अशी दोन-तीन गावं असतात. उलट, तांड्याला किंवा वाडीला अनेकदा स्वतंत्र कोडच नसतो; ती मूळ गावात मोजलेली असते. परतूर-मंठा भागात तांडे पुष्कळ. नमुन्यात गाव आलं म्हणजे तांडाही आला. गावठाणात २० घरं पुरी झाली म्हणून परत फिरलात, तर नेमका वेगळ्या परिस्थितीतला माणूस सुटतो.

*हललेली गावं.* निम्न दुधना प्रकल्पामुळे परतूर-सेलू भागातल्या काही वस्त्यांचं पुनर्वसन झालं. जुन्या नकाशावरचा ठिपका आज पाण्यात असू शकतो. निघण्याआधी तलाठ्याकडून जागेची खात्री करून घ्या. हुद्दा आता ग्राम महसूल अधिकारी झालाय, पण चौकशी 'तलाठी कुठे बसतात' अशीच करा.

*कुलूपबंद घरं.* दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली कुटुंबं उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. हिवाळ्यात गावात जाऊन बंद घरांऐवजी शेजारची उघडी घरं घेतलीत, तर ग्रामीण भाग आहे त्यापेक्षा सुस्थितीत दिसेल. बंद घर बंद म्हणून नोंदवा आणि पुन्हा जा.

*वाढ की नामांतर?* देशात २००१ मध्ये जनगणना शहरं १,३६२ होती, २०११ मध्ये ३,८९४ झाली. कान्हू चरण प्रधान यांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं की त्या दशकातल्या शहरी लोकसंख्यावाढीचा सुमारे ३० टक्के भाग गावांचा वर्ग बदलल्यामुळे होता. म्हणून 'शहरी भागात अमुक वाढलं' असं लिहिण्याआधी दोन्ही वेळा तीच गावं शहरी होती का, ते तपासा.

*सरकवलेले ठिपके.* कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या खुल्या माहितीत ठिकाणांचे अक्षांश-रेखांश मुद्दाम हलवलेले असतात. शहरी गट दोन किलोमीटरपर्यंत, ग्रामीण पाच किलोमीटरपर्यंत, काही मोजके त्याहून लांब. परतूरएवढ्या शहरात दोन किलोमीटर म्हणजे थेट शिवारात. त्या ठिपक्यावरून पुन्हा ग्रामीण-शहरी ठरवू नका. फाइलमध्ये दिलेला वर्गच वापरा.

तुमचे आणि त्यांचे हक्क

नगरपरिषदेची हद्द, प्रभागांचे नकाशे, दर्जा बदलल्याची अधिसूचना ही सार्वजनिक कागदपत्रं आहेत. आधी साधा अर्ज करा. टोलवाटोलवी झाली तर माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून अर्ज द्या; ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. सर्वेक्षणाच्या वेळापत्रकात हे ३० दिवस आधीच धरा.

समोरच्या माणसाचे हक्क जास्त महत्त्वाचे. १९४८ च्या जनगणना कायद्याने जनगणनेच्या प्रश्नांना उत्तर देणं बंधनकारक आहे आणि त्या माहितीची गुप्तताही त्याच कायद्याने राखली जाते. तुमच्या सर्वेक्षणाला हे लागू नाही. विद्यापीठाचं ओळखपत्र दाखवलं म्हणून कोणी उत्तर देणं लागत नाही. तेव्हा दारात उभं राहून एवढं तरी सांगा:

- उत्तर द्यायचं की नाही, ही त्यांची मर्जी. मधेच थांबायलाही हरकत नाही.
- नाव आणि घराचं नेमकं ठिकाण छापलं जाणार नाही.
- 'ग्रामीण' किंवा 'शहरी' असं तुम्ही लिहिल्याने रेशन, घरकुल, रोजगार हमी यांत काही बदलणार नाही.

शेवटचं वाक्य विसरू नका. जिथे ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली आहे, तिथे दर्जाचा प्रश्न लोकांच्या खिशाशी जोडलेला आहे. हातात कागद घेऊन कोणी 'तुम्ही शहरात राहता का' विचारू लागला, की माणूस सावध होतो आणि पुढची सगळी उत्तरं सावधपणे देतो.

२०२७ च्या जनगणनेसाठी जागा ठेवा

नव्या जनगणनेचा संदर्भ दिवस १ मार्च २०२७ आहे आणि तिच्यासाठी प्रशासकीय हद्दी गोठवण्याची तारीख ३१ डिसेंबर २०२५ होती. म्हणजे त्या दिवशी जिथे नगरपंचायत होती ते ठिकाण नव्या यादीत वैधानिक शहर म्हणून येईल. त्यानंतर दर्जा बदलला तर तो या यादीत दिसणार नाही. जनगणना शहरं कोणती ठरतात, हेही तेव्हा नव्याने कळेल.

सध्या काम सुरू असलेल्यांनी २०११ ची चौकट सोडण्याचं कारण नाही. फाइलमध्ये तिसरा रकाना '२०२७ चा दर्जा' म्हणून रिकामा ठेवा आणि गावांचे जुने कोड पुसू नका. नवे कोड आले की जुन्यासमोर नवा, अशी जोडयादी करा. नगरपंचायतींच्या वाढीव हद्दीत शेजारचं अख्खं गाव किंवा त्याचा तुकडा गेला असेल, तर एका जुन्या कोडासमोर दोन नवे येतील. तिथे लोकसंख्या अंदाजाने वाटू नका. प्रगणन गटांच्या याद्या हाती येईपर्यंत ती ओळ अर्धवटच राहू द्या आणि तसा शेरा मारा.